इंग्रजी क्रियापद आपला सोबती स्वतः निवडते

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या एका तरुणाने विचारले आहे की, फ्रेझल व्हर्बच्या, म्हणजे 'पुट ऑफ'सारख्या क्रियापद आणि लहान शब्द यांच्या जोड्यांच्या, याद्या दोनदा पाठ करूनही लिहिताना त्यांच्या चुका का होतात. वरिष्ठांनी त्यांच्या एकाच ई-मेलमधील तीन वाक्यांवर खूण करून तो परत पाठवला होता : 'वी डिस्कस्ड अबाउट द डिले', 'आय विल रीच टू द ऑफिस बाय टेन' आणि 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. यामागे नियम कोणता आहे, आणि मराठीतून विचार करणे सोडल्याशिवाय हे जमणारच नाही का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. गेली 28 वर्षे मी सदाशिव पेठेत संध्याकाळच्या वर्गांत नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवत आलो आहे आणि याच तीन चुका मी जवळजवळ प्रत्येक तुकडीत तपासल्या आहेत; म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. मराठी सोडण्याची मुळीच गरज नाही. उलट मराठीकडे नीट पाहिले तर हा सारा प्रकार ओळखीचा वाटू लागतो. आपण धाकट्या भावावर रागावतो, त्याच्याशी भांडतो, गल्लीतल्या कुत्र्याला घाबरतो, मित्राची वाट पाहतो आणि रोजच्या त्याच त्या भाजीला कंटाळतो. रागावण्याला 'वर', भांडण्याला 'शी' आणि घाबरण्याला 'ला' का लागतो, हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही, आणि 'वर' या शब्दाच्या अर्थातून रागाचा उलगडा होतो असेही नाही. 'मी त्याला भांडलो' असे एखादा मराठी शिकणारा अमराठी माणूस म्हणाला की आपल्या कानाला ते लगेच खटकते. मात्र 'असे का म्हणायचे नाही' असे त्याने विचारले तर 'भांडण कोणाशी तरी होते' याच्यापलीकडे आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नसते. क्रियापदाने आपला प्रत्यय ठरवून ठेवलेला असतो आणि मूल ते दोन्ही एकत्रच उचलते.

इंग्रजी क्रियापदेही नेमके हेच करतात. अडचण येते ती आपण मराठी क्रियापदाचा प्रत्यय उचलून त्याचे भाषांतर इंग्रजी क्रियापदाला जोडतो तेव्हा. 'माझ्यावर रागावला' यातील 'वर' म्हणजे 'ऑन', म्हणून 'अँग्री ऑन मी'. वास्तविक तेथे 'अँग्री विथ मी' किंवा 'अँग्री ॲट मी' हवे. 'तिच्याशी लग्न केले' यातील 'शी' म्हणजे 'विथ', म्हणून 'मॅरीड विथ हर'. प्रत्यक्षात 'मॅरी' हे क्रियापद सरळ कर्म घेते, 'ही मॅरीड हर'. 'गणितात हुशार' म्हणजे 'गुड इन मॅथ्स' नव्हे, 'गुड ॲट मॅथ्स'. 'ला'चे तर विचारूच नका : त्याला विचारले, त्याला सांगितले आणि पुण्याला पोहोचलो, या तिन्ही ठिकाणी आपला हात आपोआप 'टू'कडे जातो, आणि 'आस्क', 'टेल', 'रीच' या तिघांनाही येथे 'टू' नको असते. मराठीत प्रत्यय दिसत नाही तेथे याच्या उलट घडते. 'गाणी ऐकतो' यात गाण्यांना काहीच लागलेले नाही, त्यामुळे विद्यार्थी 'लिसनिंग साँग्ज' लिहितो आणि 'टू' विसरतो. 'डिपेंड ऑन'मध्ये मात्र कोणी चुकत नाही, कारण 'त्याच्यावर अवलंबून' यात योगायोगाने तोच 'वर' आहे. असे योगायोग घातक ठरतात. भाषांतराची पद्धत बरोबर आहे असा खोटा भरवसा त्यांतूनच बसतो.

आता 'रीच टू द ऑफिस' पाहू. 'रीच' सकर्मक आहे; तुम्ही 'रीच द ऑफिस' करता, 'रीच पुणे' करता. 'अराइव्ह'पुढे ठिकाणाचे नाव आले तर मात्र ते एकटे चालत नाही : शिवाजीनगर स्टेशनवर उतरलात तर 'अराइव्ह ॲट', आणि पुणे शहरात आलात तर 'अराइव्ह इन'. अर्थ जवळजवळ सारखा असूनही दोन्हींची वागणूक वेगळी आहे. म्हणून नुसत्या अर्थावरून सोबती शब्द, म्हणजे क्रियापदाबरोबर येणारा लहान शब्द, ओळखता येईल ही आशा प्रथम सोडावी. 'रीच'ला पुढे शब्द लागतोही, पण तेव्हा तो दुसरेच काही सांगतो : 'ही रीच्ड फॉर द फोन' म्हणजे त्याने फोन घेण्यासाठी हात पुढे केला. 'एंटर'चेही असेच आहे. खोलीत शिरायचे तर 'एंटर द रूम', आणि करार करायचा तर 'एंटर इंटू ॲन ॲग्रीमेंट'. त्यामुळे 'एंटरनंतर कधीच काही येत नाही' असा सरसकट नियम सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

'डिस्कस अबाउट'साठी मला थोडे अधिक थांबायचे आहे, कारण ही एक चूक समजली की तिच्या जातीच्या आठ-दहा चुका एकदम जातात. मराठीत आपण 'पुस्तक वाचले' असे म्हणतो, पण क्रियापदाचे नाम केले की 'पुस्तकाचे वाचन' म्हणावे लागते. क्रियापद आपले कर्म थेट धरू शकते. नामाला ती सोय नाही, त्याला मध्ये एक दुवा लागतो. इंग्रजीत हा दुवा प्रिपोझिशन, म्हणजे नामाआधी येणारा 'ऑन', 'टू', 'अबाउट' असा लहान शब्द, पुरवते. म्हणून 'अ डिस्कशन अबाउट द डिले' अगदी बरोबर आहे आणि 'टू डिस्कस द डिले' हेही बरोबर आहे. चूक होते ती नामाचा दुवा क्रियापदाला लावल्यामुळे. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', पण 'टू रिक्वेस्ट लीव्ह'. 'ॲन ऑर्डर फॉर टू लॅपटॉप्स', पण 'टू ऑर्डर टू लॅपटॉप्स'. 'एम्फसिस ऑन क्वालिटी', पण 'टू एम्फसाइज क्वालिटी'. 'ॲन आन्सर टू द क्वेश्चन', पण 'टू आन्सर द क्वेश्चन'. 'डिमांड', 'काँटॅक्ट' आणि 'रिझेम्बल' यांच्या जोड्या याच धर्तीवर तुम्ही स्वतः लिहून पाहा. 'काँटॅक्ट'चा सोबती नाम असताना 'विथ' आहे आणि 'रिझेम्बलन्स'चा 'टू'. सगळी क्रियापदे मात्र या रांगेत बसत नाहीत. 'रिप्लाय'ला दोन्ही रूपांत 'टू' लागतो. 'डिपेंड' आणि 'डिपेन्डन्स' दोघांनाही 'ऑन' लागतो.

'डिस्कस अबाउट' इतके पसरण्याचे दुसरेही एक कारण आहे. 'टॉक अबाउट', 'स्पीक अबाउट', 'थिंक अबाउट' अशी बोलण्याची आणि विचार करण्याची सारी मंडळी 'अबाउट' घेऊन चालतात, तेव्हा 'डिस्कस'नेही तेच करावे असे मनाला वाटते. ही वाट भाषेला नैसर्गिक आहे आणि भारताबाहेरही अनेक ठिकाणी इंग्रजी शिकणारे लोक असेच बोलतात. माझे मत असे की बोलताना कोणाच्या तोंडून ते गेले तर त्याला मध्येच अडवून दुरुस्त करू नये. ग्राहकाला जाणाऱ्या पत्रात मात्र ते टाळावे, कारण वाचणाऱ्याचे लक्ष मजकुरावरून उडून चुकीवर जाते.

येथवर आपण पाहिले त्या लहान शब्दाला स्वतःचा अर्थ फारसा नव्हता. तो केवळ क्रियापदाचे मागणे पुरवत होता. पण तोच शब्द पुष्कळदा अर्थही ठरवतो. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे त्याने झेलावा म्हणून चेंडू टाका; 'थ्रो द बॉल ॲट हिम' म्हणजे त्याला लागावा म्हणून मारा. 'शाउट टू हर' म्हणजे लांबून हाक द्या. 'शाउट ॲट हर' म्हणजे तिच्यावर ओरडा. यावरून 'ॲट' शत्रुत्वाचा आहे असा निष्कर्ष विद्यार्थी काढतात, पण 'तो माझ्याकडे पाहून हसला' याला इंग्रजीत 'ही स्माइल्ड ॲट मी' म्हणतात आणि त्यात वैर काहीच नाही. 'ॲट' नेम दाखवतो, रोख दाखवतो. पुढचा प्रेमळपणा किंवा राग क्रियापदातून येतो. 'लुक ॲट', 'पॉइंट ॲट', 'एम ॲट', 'लाफ ॲट' ही सगळी क्रियापदे या रोखाने एकत्र लक्षात राहतात. 'ॲग्री'चे तीन सोबती आहेत आणि ते कामाच्या ठिकाणी रोज लागतात : माणसाशी 'विथ', प्रस्तावाला 'टू' आणि सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या तारखेसाठी 'ऑन'.

आता ज्यांच्या याद्या तुम्ही पाठ केल्या त्या फ्रेझल व्हर्बकडे वळू. तेथे क्रियापद आणि लहान शब्द मिळून एक नवीनच क्रियापद तयार होते. 'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'ऑफ' म्हणजे दूर. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. हे वाचून इंग्रजी विचित्र वाटते, पण 'पुढे ढकलणे' या मराठी प्रयोगातही सभेला कोणी हात लावून ढकललेले नसते. आपले 'मागे' घ्या : मागे घेणे, मागे पडणे, मागे टाकणे, मागे लागणे. मुलगा सायकलसाठी वडिलांच्या मागे लागतो तेव्हा तो त्यांच्या पाठीमागे उभा असतोच असे नाही, आणि तक्रार मागे घेताना वस्तू उचलावी लागत नाही. परक्या माणसाला हे चार अर्थ 'मागे' आणि क्रियापद यांची बेरीज करून काढता येणार नाहीत. संस्कृतात तर याहून जुने उदाहरण आहे : 'हृ' या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार झाले. तेथे अर्थ बदलणारा उपसर्ग धातूच्या आधी बसतो. जुन्या इंग्रजीतही असे उपसर्ग आधी बसत. 'अंडरस्टँड' आणि 'ओव्हरकम' यांत ते अजून दिसतात. पुढे हे शब्द क्रियापदाच्या मागून येण्याची पद्धत वाढली. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवले की परकीयांना सर्वांत जास्त त्रास याच जोड्यांचा होतो. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र 1925मध्ये लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकातून रूढ झाले.

या जोड्यांतील 'अप'बद्दल फार विचारले जाते. 'ईट अप', 'युज अप', 'ड्रिंक अप' यांत वर जाण्याचा काय संबंध? संबंध पुरे करण्याचा आहे. आपण 'खाऊन टाक', 'संपवून टाक' म्हणतो तेव्हा कोणी काही फेकत नाही. 'टाकणे' तेथे क्रिया शेवटाला नेते. तेच काम इंग्रजीत 'अप' करतो. 'ऑफ' बहुतेक वेळा तुटणे किंवा दूर जाणे दाखवतो : 'कट ऑफ', 'टेक ऑफ', 'कॉल ऑफ', आणि स्वारगेटला पाहुण्यांना गाडीत बसवून निरोप देणे म्हणजे 'सी ऑफ'. असे धागे जरूर धरावेत, पण त्यांवर फार भार टाकू नये. अर्ज भरण्याला ब्रिटिश माणूस 'फिल इन' म्हणतो आणि अमेरिकन माणूस 'फिल आउट'. आत आणि बाहेर दोन्ही शब्द तेच काम करतात. घर जळून खाक झाले तर ते 'बर्न्ट डाउन', आणि कागद जळून गेला तर 'बर्न्ट अप'.

पुस्तकांत दिलेली पण वर्गात क्वचितच करून घेतली जाणारी एक कसोटी मला फार मोलाची वाटते. कर्माच्या जागी 'इट' घालून पाहा. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही चालतात, पण 'इट' आले की ते मध्येच बसते : 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' कोणी म्हणत नाही. याउलट 'लुक ॲट इट' असेच म्हणावे लागते; 'लुक इट ॲट' होत नाही. 'लुक अप'ने हा फरक एकाच जोडीत दिसतो : रस्त्याच्या वरच्या टोकाकडे पाहायचे तर 'लुक अप द रोड', आणि शब्द कोशात शोधायचा तर 'लुक अप द वर्ड', ज्याचे 'लुक इट अप' होते. तीन शब्दांची जोडी, म्हणजे 'पुट अप विथ', 'कम अप विथ', 'गेट अवे विथ', मध्येच तोडू नये. 'इट' शेवटी येते.

दुसरी कसोटी कानाची आहे. 'टर्न इट ऑफ'मध्ये जोर 'ऑफ'वर पडतो. 'लुक ॲट इट'मध्ये जोर 'लुक'वर पडतो आणि 'ॲट' इतका दबतो की तो 'अट' असा ऐकू येतो. मराठीत आपण वाक्यातील सगळी अक्षरे साधारण सारख्या वजनाने उच्चारतो. त्यामुळे इंग्रजी ऐकताना दबलेले 'टू', 'फॉर', 'ॲट' आपल्या कानांतून निसटतात, आणि जे ऐकलेच नाही ते लिहिताना कोठून येणार? 'लिसन' पुढचा 'टू' गळण्याचे एक मोठे कारण मला हेच वाटते. म्हणून वाक्ये डोळ्यांनी वाचून भागत नाही. ती मोठ्याने म्हणावी लागतात.

आपल्या मराठीत आलेल्या इंग्रजी शब्दांनीही एक गुंता केला आहे. 'पंखा ऑफ कर' असे आपण म्हणतो. यात 'टर्न' किंवा 'स्विच' गळले आणि त्यांची जागा 'कर'ने घेतली. मराठीत हे सोयीचे आहे. पण तोच माणूस इंग्रजी बोलताना 'प्लीज ऑफ द फॅन' म्हणतो, कारण क्रियापद गळाले आहे हे त्याला ठाऊकच नसते. सरकारी कार्यालयांत 'फाइल पुटअप करा' म्हणतात, दवाखान्यात 'चेकअप' असते, संगणकाचा 'बॅकअप' असतो; ही रूपे आपण नाम म्हणून घेतली आहेत. इंग्रजीत नाम असेल तर जोर पहिल्या भागावर येतो आणि शब्द जोडून किंवा मध्ये छोटी रेघ देऊन लिहितात. क्रियापद असेल तर दोन शब्द सुटे लिहितात. तुमच्या क्षेत्रात 'लॉगिन' आणि 'लॉग इन' यांतला फरक एवढाच आहे, आणि तो सूचनापत्रांत रोज चुकतो. 'पास आउट'बद्दलही सावध राहा. आपल्याकडे 2015ला कॉलेजमधून 'पास आउट' झालो असे म्हणतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या पासिंग आउट परेडमुळे पुणेकरांना तो शब्द विशेष परिचित आहे, आणि लष्करी प्रशिक्षण पुरे करण्यासाठी तो ब्रिटिश इंग्रजीतही बरोबर आहे. पण साध्या बोलण्यात 'ही पास्ड आउट' म्हणजे त्याची शुद्ध हरपली. परदेशी सहकाऱ्याला सांगताना 'ग्रॅज्युएटेड' म्हणावे. 'कोप अप विथ' हे मात्र सरळ चुकीचे आहे. 'कोप विथ' एवढेच.

तुमच्या तिसऱ्या वाक्याचे कारण निराळे आहे. 'टू' दोन प्रकारचा असतो. 'वाँट टू मीट'मधला 'टू' क्रियापदाच्या मूळ रूपाचा आहे. 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' प्रिपोझिशन आहे, आणि प्रिपोझिशननंतर क्रियापद आले तर ते 'इंग' घेऊन येते. ओळखायचे कसे? पुढे एखादे नाम ठेवून पाहा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द मीटिंग' चालते, म्हणून 'टू मीटिंग यू' हवे. 'वाँट टू द मीटिंग' चालत नाही, म्हणून तेथे 'टू मीट'. 'ऑब्जेक्ट टू पेइंग', 'बी यूज्ड टू वर्किंग लेट', 'इन्सिस्ट ऑन पेइंग' ही सगळी याच नियमाने सुटतात.

आणखी एक ठिकाण आहे जेथे हुशार विद्यार्थीही चुकतात. 'मी राहतो ते घर' यात मराठीला 'घरात' म्हणावे लागत नाही, म्हणून 'द हाउस आय लिव्ह' असे वाक्य येते. इंग्रजीत सोबती सुटत नाही : 'द हाउस आय लिव्ह इन', 'द पर्सन आय स्पोक टू', 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर'. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन ठेवू नये असे जुन्या शिक्षकांनी तुम्हाला सांगितले असेल. तो आक्षेप 1672मध्ये इंग्रज कवी जॉन ड्रायडन यांनी आधीच्या पिढीतील नाटककार बेन जॉन्सन यांच्या लेखनावर घेतला होता आणि पुढे शाळांनी त्याचा नियम केला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो कधीच पाळला नाही. 'इन विच आय लिव्ह' हे औपचारिक लेखनात शोभते, एवढेच.

शब्दांची निवड करतानाही मराठीची साथ घ्या. 'स्थगित करणे' आणि 'पुढे ढकलणे', 'सहन करणे' आणि 'खपवून घेणे' यांत जे अंतर आहे तेच 'पोस्टपोन' आणि 'पुट ऑफ', 'टॉलरेट' आणि 'पुट अप विथ' यांत आहे. पुस्तकांतून शिकल्यामुळे आपल्याला पहिला शब्द आधी येतो. करारपत्रात तो ठीक, पण सहकाऱ्याशी चहा घेताना 'आय कॅनॉट टॉलरेट द ट्रॅफिक' म्हटले तर ते 'मी ही वाहतूक सहन करण्यास असमर्थ आहे' असे ऐकू येते.

आता अभ्यास. 'गेट'च्या तीस जोड्या एका पानावर लिहून पाठ करणे बंद करा. सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकत्र पाठ केल्या की त्या एकमेकींत मिसळतात, आणि दोनदा पाठ करूनही तुमचे तसेच झाले आहे. अप्पा बळवंत चौकात मिळणारा, परदेशी विद्यार्थ्यांसाठी केलेला कोणताही चांगला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या आणि अर्थ वाचून न थांबता खालची उदाहरणे वाचा, कारण सोबती शब्द तेथेच दिसतो. वहीत कधीही एकटे 'वेट' लिहू नका. 'वेट फॉर द बस' लिहा, आणि शेजारी स्वतःच्या दिवसातले एक वाक्य, 'आय वेटेड हाफ ॲन आवर फॉर द बस ॲट डेक्कन' असे. दिवसाला तीन वाक्ये पुरेत. प्रथम सोबत्याशिवाय चालणारी क्रियापदे आणि त्यांची नामे, मग ठरलेल्या सोबत्याची, आणि फ्रेझल व्हर्ब सर्वांत शेवटी, तीही वाचताना किंवा ऐकताना भेटतील तशी घ्यावीत. आठवड्याने जुनी वाक्ये सोबती शब्दाच्या जागी रेघ ओढून पुन्हा लिहा आणि रेघा भरा. जेथे हात अडखळेल ते वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणा.

तुमचा ई-मेल आता असा होईल : 'वी डिस्कस्ड द डिले', 'आय विल रीच द ऑफिस बाय टेन' आणि 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. वहीच्या पहिल्या पानावर हीच तीन वाक्ये लिहा, आणि प्रत्येकाखाली त्याची जोडीदार : 'वी हॅड अ डिस्कशन अबाउट द डिले', 'आय विल अराइव्ह ॲट द ऑफिस बाय टेन' आणि 'आय वाँट टू मीट यू'.